पेन्शन सुरू होईल, पण पुढच्या वीस वर्षांचं काय?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी केज तालुक्यातला. पायदळात लान्स नायक आहे, ट्रेड जीडी, म्हणजे जनरल ड्युटी. पुढच्या जूनमध्ये १७ वर्षं पूर्ण करून घरी येतोय, तेव्हा वय ३७ असेल. एक्स्टेन्शन घेतलं नाही. माय थकली आहे, आणि लेकरं अंबाजोगाईला शिकायला ठेवलीत तिथं बायको एकटी सगळं बघते. तीन एकर कोरडवाहू वावर आहे. बारावी झाल्यावर भरती झालो, पुढं शिकलो नाही. गावात जो भेटतो तो म्हणतो, ‘तुला काय, माजी सैनिकाचा कोटा आहे, तलाठी होऊन येशील.’ एका अकॅडमीने लाखभर फी सांगितली. पाहुण्यातला एक जण म्हणतो, आठ लाख दे, बँकेत चिकटवतो, माजी सैनिकांच्या जागा रिकाम्याच असतात. बायको म्हणते, सतरा वर्षं लांब काढली, आता लांबची नोकरी नको. पुतण्या अग्निवीर आहे, त्याची चार वर्षंही पुढच्या साली संपतात. मला इंग्रजी आणि गणिताची भीती वाटते. खरं सांगा, सरकारी नोकरी लागेल का? का वॉचमनच व्हायचं?
– एक फौजी, केज तालुका, जि. बीड

उत्तर:

दादा, जय हिंद.

नोकरी लागू शकते, आणि वॉचमन हा एकच रस्ता तुमच्यापुढे नाही. तरीही तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली. गावकरी, अकॅडमीवाले आणि ते पाहुणे, तिघंही तुम्हाला एकच गोष्ट सांगताहेत, की कोटा आहे म्हणजे नोकरी आहेच. हे ऐकून ऐकून चांगला धडधाकट फौजी सुटल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं जाहिरातीची वाट बघण्यात घालवतो. जाहिरात येते, तो फॉर्म भरतो, अभ्यास न करता पेपरला बसतो, आणि त्याच्या वाट्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी जाते. तेव्हा माझं मुख्य सांगणं आधीच सांगते: अंगावर वर्दी आहे तोवरचे, म्हणजे जूनपर्यंतचे महिनेच तुमच्या तयारीचे महिने आहेत. तयारीला लागायचं ते आजपासून, सुटल्यावर नव्हे.

आता कोटा नेमका काय आहे ते बघू. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांमध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड च्या पदांत २० टक्के. सरकारी बँका आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत हेच प्रमाण अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के आहे. त्यातले साडेचार टक्के दिव्यांग माजी सैनिक आणि वीरगती मिळालेल्या जवानांच्या कुटुंबीयांसाठी आहेत. आकडे चांगले मोठे आहेत. पण राज्यातलं आरक्षण समांतर आहे, म्हणजे ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजलं जातं. खुल्या जागांतल्या काही माजी सैनिकांच्या, ओबीसींच्या जागांतल्या काही, असं. एखाद्या छोट्या जिल्ह्याच्या जाहिरातीत तुमच्या प्रवर्गात माजी सैनिकाची एकही जागा नसू शकते, आणि शेजारच्या जिल्ह्यात चार असू शकतात. जाहिरातीतला तो तक्ता न बघता फॉर्म भरणं हे पहिलं नुकसान.

पाहुणे म्हणतात ते अर्धं खरं आहे. माजी सैनिकांच्या जागा खरोखर रिकाम्या राहतात. का राहतात ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. राज्याच्या बहुतेक सरळसेवा परीक्षांत निवड यादीत येण्यासाठी किमान ४५ टक्के गुण लागतात. माजी सैनिकांना स्पर्धा कमी असते, त्यांची यादी सर्वसाधारण यादीपेक्षा बऱ्याच खालच्या गुणांवर लागते, पण या ४५ टक्क्यांच्या उंबऱ्याच्या आत येणारेच पुरेसे निघत नाहीत. पात्र माजी सैनिक मिळाला नाही की ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला देतात. म्हणजे तुमची स्पर्धा पुण्यातल्या अभ्यासिकांत पाच-पाच वर्षं बसलेल्या पोरांशी नाही. तुम्हाला तो उंबरा ओलांडायचा आहे आणि आपल्यासारख्याच फौजींच्या थोडं पुढे राहायचं आहे. सहा-आठ महिने रोज नेमाने अभ्यास केला तर बारावी झालेल्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. मला खटकतं ते हे की, जागा रिकाम्या राहिल्याची ओरड दरवेळी होते, पण शेवटच्या वर्षात जवानाला पुस्तक हातात देऊन बसवणारं कुणी नसतं. ते तुम्हालाच करावं लागणार आहे.

वयाची चिंता सोडून द्या. केंद्राच्या भरतीत तुमच्या वयातून फौजेतली सेवा वजा करतात आणि उरलेलं वय त्या पदाच्या मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसलं की झालं. ३७ मधून १७ गेले, राहिले २०. सुटल्यापासून हे वय दरसाल एकेक वाढत जाईल, तरी हातात बरीच वर्षं आहेत. बँकांच्या लिपिक भरतीत वयोमर्यादेत तुमची सेवा आणि वर ३ वर्षं मिळवतात, फक्त प्रत्यक्ष वय ५० च्या पुढे नको. राज्यात पदाच्या मर्यादेत तुमची सेवा आणि वर आणखी ३ वर्षं मिळवतात. सदतिसाव्या वर्षी ‘आता वय गेलं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

शिक्षणाचं जरा नीट समजून घ्या, कारण इथं बरेच जण फसतात. १५ वर्षं सेवा झालेल्या, दहावी पास माजी सैनिकाला गट क च्या राखीव जागांवर पदवीची अट असली तरी अर्ज करता येतो, पण त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नसली पाहिजे. केंद्राचा हा नियम १९७९ सालच्या नियमावलीत आहे, राज्याच्या जाहिरातींतही तशी तरतूद असते, बँकांच्या लिपिक पदांनाही. म्हणून तलाठी काय, बँकेचा क्लार्क काय, तुम्ही फॉर्म भरू शकता. सुटताना मिळणारं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मात्र विद्यापीठाची पदवी नाही. गट क च्या दारातून ते आत नेईल, त्यापुढे अधिकारी पदाच्या परीक्षेला किंवा पदोन्नतीला जिथं पदवी मागतील तिथं ते पुरेलच असं नाही. म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी. ए. ला नाव घालाच. नाशिकचं हे विद्यापीठ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. युनिटमध्ये राहूनही पहिलं वर्ष सुरू करता येतं. तीन वर्षांनी हातात पदवी असेल आणि तोवर नोकरीही लागलेली असू शकेल. नसेल लागली, तर तुमच्यासाठी तेव्हा जास्त दारं उघडी असतील.

आता कुठं प्रयत्न करायचा. तुमचा सगळा जीव तलाठ्यात अडकलाय, त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पद चांगलं आहे, मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, जिल्ह्यातच राहता येतं. पण ही भरती दरवर्षी निघत नाही. मागची मोठी भरती २०२३ ची. तिच्यात एका उमेदवाराला एकाच जिल्ह्यासाठी अर्ज करता येत होता, आणि आपल्याकडचे बहुतेक फौजी डोळे झाकून आपलाच जिल्हा निवडतात. बीडमध्ये तुमच्या प्रवर्गात माजी सैनिकाच्या दोन जागा आणि जालन्यात किंवा रायगडला पाच असतील तर पाचवाल्या जिल्ह्याचा विचार करायला हवा. हे घरी बसून आधी बोलून ठरवा. पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा असतो: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित-बुद्धिमत्ता, प्रत्येकी २५ प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते.

यातल्या मराठीबद्दल थांबून सांगावंसं वाटतं. फौजी इंग्रजी-गणिताला घाबरतो आणि मराठीला गृहीत धरतो. तुम्ही सतरा वर्षं हिंदीत बोललात, हिंदीत हुकूम घेतलात, हिंदीत रिपोर्ट लिहिलात. घरच्या फोनवर मराठी, तेवढीच. समास, प्रयोग, विभक्ती, वाक्प्रचार, शुद्धलेखन हे सगळं दहावीनंतर तुम्ही उघडून पाहिलेलं नाही. पन्नास गुणांचा हा भाग दोन महिन्यांत पक्का होऊ शकतो, आणि इंग्रजीत जे जातील ते गुण इथून भरून निघतात. आठवी ते दहावीची बालभारतीची पुस्तकं आणि एक चांगलं व्याकरणाचं पुस्तक, एवढं पुरे. पुढच्या सुट्टीत घरातून लेकरांची जुनी पुस्तकंच युनिटला घेऊन जा. गणितही तसंच आहे. टक्केवारी, सरासरी, काळ-काम-वेग, नफा-तोटा, व्याज या पाच-सहा गोष्टींवर बहुतांश प्रश्न येतात, आणि हे सगळं शाळेत झालेलं आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण मी तुमच्या जागी असते तर तलाठ्याच्या बरोबरीनं ग्रामीण बँकेचा अभ्यास केला असता. महाराष्ट्र ग्रामीण बँकेचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिच्या शाखा मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांत, बाजारपेठेच्या गावांत आहेत. वहिनींना हवी तशी, लांब नसलेली नोकरी यात मिळण्याची शक्यता जास्त. ग्रामीण बँकांची भरती परीक्षा आयबीपीएस ही बँक भरतीची संस्था घेते. ऑफिस असिस्टंटच्या पूर्वपरीक्षेत फक्त बुद्धिमापन आणि गणित असतं, दोन्हींचे ४०-४० प्रश्न आणि वेळ ४५ मिनिटं. इंग्रजी त्यात नाहीच. मुख्य परीक्षेत भाषेच्या पेपरला इंग्रजी किंवा हिंदी यातलं एक निवडता येतं. सतरा वर्षं हिंदीत काढलेल्या माणसाला याहून सोयीचं काय असणार? इथं चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, म्हणून अंदाजाने ठोकाठोक करायची नाही. पदवीच्या अटीत माजी सैनिकांसाठी काय लिहिलंय ते त्या वर्षीच्या जाहिरातीत शब्द न् शब्द वाचा. मुक्त विद्यापीठाची पदवी लवकर हातात घ्या म्हणते त्याचं हेही एक कारण. सरकारी बँकांच्या लिपिक पूर्वपरीक्षेला इंग्रजीचे ३० प्रश्न असतात, तरी तीही द्या, कारण अभ्यास दोन्हींचा जवळपास एकच आहे. तिथं मूळ पगार २४,०५० पासून सुरू होतो आणि राज्याची भाषा येणं आवश्यक असतं, ते तुमच्याकडे आहेच.

रेल्वेकडे आपल्याकडचे लोक फार कमी बघतात. दहावीवर लेव्हल एकची पदं, बारावीवर तिकीट क्लार्क, ज्युनिअर क्लार्क टायपिस्ट अशी पदं असतात, आणि पेपर मराठीतून देता येतो. फक्त एक ध्यानात घ्या. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर ही स्टेशनं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. कुठल्या विभागाच्या जागा कोणत्या रेल्वे भरती मंडळाकडे आहेत ते जाहिरातीत बघा. एका जाहिरातीला एकच मंडळ निवडता येतं. ते न बघता सवयीनं मंडळ निवडून बसलेल्या पोराला घराजवळचा विभाग मिळणार कसा? बीडला आता रेल्वे आली याचा आनंद मलाही आहे, पण त्या स्टेशनावर बीडच्याच माणसांची नेमणूक होईल असं धरून चालू नका.

पोलीस भरतीचं मी तुम्हाला सुचवत नाही. जालना आणि हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, माजी सैनिकांना तिथं जागा असतात, पण त्या नोकरीत बंदोबस्त आणि बाहेरगाव चुकत नाही. संरक्षण सुरक्षा दलाचंही तसंच. डीएससीत सगळे माजी सैनिकच घेतात आणि वातावरण ओळखीचं असतं, पण पोस्टिंग देशभर कुठंही. मायसाठी आणि लेकरांसाठी एक्स्टेन्शन सोडलेल्या माणसानं परत तोच रस्ता का धरावा?

आता ज्या नियमाबद्दल गावात कुणीच बोलत नाही त्याकडे येते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकाच्या आरक्षणाचा फायदा घेऊन तुम्ही एका कायम पदावर रुजू झालात की पुढच्या नोकरीसाठी ते आरक्षण संपतं. वयाची सवलत वरच्या पदासाठी पुढेही राहते, आरक्षण राहत नाही. म्हणून घाईघाईत जी पहिली मिळाली ती धरली आणि सहा महिन्यांनी मनासारख्या जागेची जाहिरात निघाली, असं झालं की माणूस हळहळतो. यातून एक वाट आहे. पहिल्या नोकरीवर रुजू होण्याआधी ज्या ज्या ठिकाणी अर्ज केलेत त्यांची तारीखवार यादी जोडून, रुजू होतानाच नव्या कार्यालयाला लेखी स्वयंघोषणापत्र द्या. मग त्या आधीच्या अर्जांपैकी कुठं निवड झाली तर आरक्षणाचा फायदा मिळतो. एक वही करा, प्रत्येक फॉर्मची तारीख, जाहिरात क्रमांक, अर्ज क्रमांक तिच्यात लिहा. राज्याच्या भरतीत या बाबतीत काय अट आहे ती त्या त्या जाहिरातीत पाहा.

याच नियमातून तुमच्या वॉचमनच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. कंत्राटी किंवा हंगामी काम केल्याने केंद्राच्या नियमात तुमचं आरक्षण जात नाही. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, शासकीय-निमशासकीय ठिकाणी माजी सैनिकांना सुरक्षा रक्षक म्हणून पाठवतं. अभ्यासाच्या काळात घरात पेन्शनच्या जोडीला पगार यावा म्हणून हे काम धरलंत तर त्यात कमीपणा कसला? आठ तास इमानदारीने ड्युटी करणाऱ्या माणसाला लाज वाटायचं काही कारण नाही. बँकेचा सशस्त्र गार्ड हे मात्र वेगळं. ती कायम नोकरी आहे, पगार आणि सुविधा चांगल्या आहेत, पण ती घेतली की आरक्षण एकदाच मिळण्याचा वरचा नियम लागू होतो. लिपिकाची तयारी चांगली झाली असेल तर गार्डचा फॉर्म विचार करून भरा. अभ्यास अजिबात जमत नाही असं वर्षभरात स्वतःला प्रामाणिकपणे दिसलं, तर तीच नोकरी मनापासून घ्या.

पैशांबद्दल दोन शब्द. नव्या नोकरीत पेन्शन बंद होत नाही, पगार मात्र बहुधा त्या पदाच्या सुरुवातीपासून मिळतो आणि नवी नोकरी राष्ट्रीय पेन्शन योजनेत असते. सुटताना ग्रॅच्युइटी, विमा निधी, रजेचे पैसे आणि विकलेल्या, म्हणजे आगाऊ उचललेल्या, पेन्शनची रक्कम एकदम हातात येते, आणि ती आली आहे हे गावाला तुमच्याआधी कळतं. चारचाकीचा आणि प्लॉटचा विषय निघेल. निदान वर्षभर ते पैसे हलवू नका.

त्या आठ लाखवाल्या पाहुण्यांना या पैशांना हातही लावू देऊ नका. आयबीपीएसची परीक्षा संगणकावर होते आणि निवड गुणांवर होते, मध्ये कुणाचं नाव घुसवायला जागा नाही. हे लोक काय करतात ते समजून घ्या. ते दहा माजी सैनिकांकडून पैसे घेतात. त्यातले दोन-तीन स्वतःच्या अभ्यासावर लागतात, त्यांचे पैसे हे पचवतात, बाकीच्यांना पुढच्या भरतीचा वायदा देतात. २०२४ मध्ये केंद्राने परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला, आयबीपीएस, रेल्वे आणि कर्मचारी निवड आयोग (एसएससी) त्यात येतात, आणि टोळी करून असे प्रकार करणाऱ्यांना ५ ते १० वर्षांची शिक्षा आहे. तुमची पेन्शनसुद्धा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर असते. ज्या माणसाचं सतरा वर्षांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे त्यानं अशा कुणाबरोबर चहासुद्धा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अकॅडमीचे लाख रुपयेही वाचवा. त्या अकॅडम्या मुख्यतः पळणाऱ्या, भरतीच्या पोरांसाठी आहेत आणि तुमची अडचण मैदान नाही, पेपर आहे. जून उजाडेपर्यंत रोज रोलकॉलनंतर दीड तास, सुट्टीच्या दिवशी चार तास, मोबाइलवर मागच्या वर्षांचे पेपर वेळ लावून सोडवायचे. युनिटमधल्या एज्युकेशन हवालदारसाहेबांकडे गणित घेऊन जा, ती माणसं शिकवायला तयार असतात. पुनर्वसन महासंचालनालयाचे सुटण्याआधीचे कोर्स असतात, त्यात नाव द्यायचं झालं तर कम्प्युटरचा घ्या. सुटल्यावर एमएस-सीआयटी करून टाका, राज्याच्या नोकरीला ते लागतंच. लिपिक-टंकलेखक पदाचा विचार असेल तर मराठी ३० शब्दांच्या टायपिंगची शासकीय परीक्षाही द्या. मग अंबाजोगाईत घराजवळच्या अभ्यासिकेत जागा घ्या आणि शाळेला जाणाऱ्या लेकरांबरोबरच सकाळी घर सोडा.

केंद्राच्या नियमात सेवा संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, फक्त सुटण्याची तारीख लिहिलेलं युनिटचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे पुढच्या जूनला सुटणार असाल तर तुमची खिडकी उघडलेलीच आहे, किंवा उघडायच्या बेतात आहे. युनिटमध्ये क्लार्कला आजच विचारा.

कागदांसाठी एक पूर्ण सुट्टी खर्च करा. दहावीच्या सनदेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव एकसारखं आहे का बघा. वडिलांच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे, जन्मतारखेत फरक, बायकोचं नाव माहेरचं राहिलेलं, हे फौजींच्या कागदांत नेहमी सापडतं. युनिटमध्ये असताना पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या नोंदीच्या आदेशाने, ते दुरुस्त होतं. सुटल्यावर त्याच दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसला पत्रांवर पत्रं लिहावी लागतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमी लेयर, रहिवासी दाखला हे केजच्या तहसीलपासून सुरू करा. केंद्राच्या भरतीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. राज्यात भटक्या जमातीत असलेला उमेदवार केंद्रात बहुधा ओबीसी यादीत येतो, तेव्हा फॉर्म भरताना रकाना बघून निवडा. निवड होऊन कागदपत्र पडताळणीत बाहेर पडणारे लोक मला पत्रं लिहितात, ती वाचवत नाहीत. सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ओळखपत्र करून घ्या आणि रोजगारासाठी नाव नोंदवा. काही कार्यालयं आणि कंपन्या थेट तिथूनच नावं मागवतात.

वहिनींशी एकदा स्पष्ट बोला. त्यांनी सतरा वर्षं एकटीनं घर सांभाळलं आणि आता तुम्ही घरी येऊन परत पुस्तकात डोकं घालणार आहात. वर्षभर असं चालेल, इतक्या परीक्षा देणार, इतक्या अंतरापर्यंतची नोकरी घेणार, हे दोघांनी मिळून ठरवलं तर त्या वर्षात घरात तुमच्यामागे उभं राहणारं माणूस असेल. नाही ठरवलं तर ‘घरीच तर बसून असतात’ हे वाक्य दिवाळीच्या आतच कानावर येईल.

राहिला पुतण्या. वर सांगितलेलं जवळपास काहीच त्याला लागू नाही, हे त्याला आत्ताच कळू द्या. अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही, त्यामुळे हा कोटाही नाही. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होतात. बाकीच्यांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये राखीव जागा आणि वयाची सवलत जाहीर झालेली आहे, पहिल्या तुकडीला ती पाच वर्षांची. त्यानं सीमा सुरक्षा दल किंवा सीआयएसएफची तयारी युनिटमधूनच सुरू करावी. इग्नूची अग्निवीरांसाठीची पदवी आहे, तिच्यात फौजेतल्या प्रशिक्षणाचे गुण धरतात. नाव घातलं नसेल तर या महिन्यात घालायला सांगा. सुटताना त्याच्या हाती सेवानिधीचे साधारण ११.७१ लाख रुपये येतील आणि त्याचं वय असेल पंचविशीच्या आतबाहेर. तुमचे ते आठ लाखवाले पाहुणे त्याच्या घरीही जाणार, तेव्हा तुमच्या भावाला आजच फोन करा.